पहिलं औषध जेवणच

मुलगी जेवेनाशी झाली की मराठी घर आधी पोटाच्या डॉक्टरकडे जातं. जंतांचं औषध होतं, भूक वाढवणारं टॉनिक होतं, आजीचा ओवा होतो. मग हिमोग्लोबिन, थायरॉइड, सोनोग्राफी, कधी एंडोस्कोपीसुद्धा. पाळी थांबली असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञाकडे वेगळी चक्कर. रिपोर्ट नॉर्मल येत राहतात आणि फाइल जाड होत जाते. इकडे मुलगी ताटातल्या पोळीचे बारीक तुकडे करत बसते, ‘कॉलेजात खाल्लं’ असं सांगते, उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे सैल कपडे घालते. मानसोपचारतज्ज्ञाचं नाव कुणीतरी काढेपर्यंत कित्येक महिने गेलेले असतात, आणि ते नाव निघालं की घरात पहिला प्रश्न येतो: ‘म्हणजे तिला वेड लागलंय का?’

दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी १९९५ साली अशाच पाच तरुण मुलींची हकीगत वैद्यकीय नियतकालिकात मांडली होती. जेवायला नकार, थांबत नसलेल्या उलट्या, झपाट्यानं उतरलेलं वजन, बंद झालेली पाळी. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत खाण्याच्या या आजाराची खूण म्हणून जे ठळकपणे लिहिलेलं असतं, ते ‘मी जाड आहे, मला बारीक व्हायचंय’ हे वेड मात्र या मुलींमध्ये त्या रूपात दिसत नव्हतं. हाँगकाँगमध्ये सिंग ली या मानसोपचारतज्ज्ञांनाही असेच रुग्ण भेटले होते. आपल्याकडे हा आजार शरीराच्या तक्रारींचा पोशाख घालून येतो, म्हणूनच तो चुकीच्या दारांवर इतका वेळ घुटमळतो.

खाण्याच्या अशा आजारांना एकत्रितपणे इटिंग डिसऑर्डर म्हणतात. अॅनोरेक्झिया नर्व्होसात माणूस खाणं इतकं कमी करतो की शरीर उपाशी राहायला लागतं. बुलिमियात भराभर, ताबा सुटल्यासारखं खाल्लं जातं आणि नंतर ते कसंही करून भरून काढायची धडपड होते. बिंज इटिंगमध्ये ताबा सुटून खाणं असतं, मागून भरपाई नसते, शरम मात्र तेवढीच असते. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या यादीत त्याला स्वतंत्र आजाराची जागा २०१३ साली मिळाली. बुलिमिया आणि बिंज इटिंगचे बहुतेक रुग्ण अजिबात हाडकुळे दिसत नाहीत. मुलगेही यात असतात. त्यांचं खाणं, उपाशी राहणं आणि तासन्‌तास चाललेला व्यायाम ‘जिम लावलीय’ या शब्दांखाली खपून जातो. (या लेखात वजनाचे आणि कॅलरींचे आकडे मुद्दाम टाळले आहेत. आजारी माणूस असे आकडे लक्ष्य म्हणून उचलतो.)

आपल्याकडे आणखी एक आडोसा आहे, तो म्हणजे उपवास. एकादशी, चतुर्थी, सोमवार, नवरात्र, चातुर्मासातले नेम. न खाण्याला इतक्या मानाच्या जागा असलेल्या घरात एखादीनं दोन वार जास्त धरले तर कौतुकच होतं. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात किंग आणि भुग्रा या संशोधकांनी उत्तर भारतातल्या शाळकरी मुलींना खाण्याच्या आजारांसाठी इंग्लंडमध्ये वापरली जाणारी प्रश्नावली दिली. अनपेक्षितपणे बऱ्याच मुलींचे गुण धोक्याच्या पातळीवर गेले. खोलात गेल्यावर कळलं, की काही प्रश्नांचा अर्थच वेगळा लागला होता आणि उपवासाच्या रूढीमुळे काही उत्तरं तशी आली होती. म्हणजे निरोगी मुलगी आजारी ठरू शकते, तशी आजारी मुलगी भाविकही ठरू शकते. ओळखायची एक साधी खूण आहे. उपवास सुटतो. सगळ्यांबरोबर सुटतो, पारण्याला गोडधोड होतं, आणि धरणारीला त्याची वाट असते. आजारातला उपवास सुटायची वेळ आली की ती घाबरते, चिडते, कारण काढते, आणि दुसऱ्या दिवशी नवा नेम लावते. उपचार चालू असताना उपास-तापास पूर्ण बंद ठेवायला डॉक्टर सांगतात, आणि हे घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडून आलं तर मुलीच्या मनावरचं ओझं फार हलकं होतं.

मदतीची सुरुवात फॅमिली डॉक्टरपासून करायला काहीच हरकत नाही, फक्त त्यांना अर्धी गोष्ट सांगू नये. ‘अशक्तपणा आहे’ एवढं सांगितलं तर व्हिटॅमिनची गोळी मिळते. ‘चार महिन्यांपासून रात्रीचं जेवण बंद आहे, जेवल्यावर लगेच बाथरूममध्ये जाते, पाळी दोनदा चुकली’ असं सांगितलं तर डॉक्टर नाडी मोजतात, झोपवून आणि उभं करून रक्तदाब घेतात, इसीजी काढतात, रक्तातलं पोटॅशियम, फॉस्फेट, साखर तपासायला पाठवतात. वारंवार उलट्यांनी पोटॅशियम घसरतं आणि त्याचा थेट परिणाम हृदयाच्या ठोक्यांवर होतो. दीर्घ उपासमारीत नाडी मंद होते, हाडं पातळ होतात. बुलिमियात दातांचं वरचं कवच झिजतं, त्यामुळे कधीकधी हा आजार सर्वांत आधी डेंटिस्टच्या लक्षात येतो. मात्र रक्ताचे रिपोर्ट चांगले आले म्हणून आजार नाही असं होत नाही. शरीर फार काळ निभावून नेतं आणि मग अचानक नेत नाही. चक्कर येऊन पडणं, छातीत धडधडणं, पाणीसुद्धा पोटात न ठरणं, उलटीत रक्त दिसणं किंवा जीव नकोसा झाल्याची भाषा, यांपैकी काहीही असेल तर अपॉइंटमेंटची वाट न पाहता थेट रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जावं.

कॅरेन कार्पेंटर या अमेरिकन गायिकेचं १९८३ च्या फेब्रुवारीत हृदय बंद पडून निधन झालं तेव्हा ती ३२ वर्षांची होती. आदल्या वर्षी ती न्यूयॉर्कला राहून अॅनोरेक्झियावर उपचार घेत होती, तिथल्या रुग्णालयात तिचं वजन काही प्रमाणात वाढवलंही होतं. तिच्या मृत्यूनंतर अमेरिकेतल्या सामान्य घरांत अॅनोरेक्झिया हा शब्द पोहोचला. वर्षानुवर्षं ताण सोसलेलं हृदय काही आठवड्यांच्या वजनवाढीनं पूर्ववत होत नाही.

खाण्याच्या आजारात आधी मन की आधी पोट, हा प्रश्न प्रत्येक घर विचारतं. ‘तिच्या मनात काय सलतंय ते आधी शोधा, मग ती आपोआप जेवेल,’ असं नातेवाईकांना वाटतं, आणि काही समुपदेशकांनाही वाटतं. याचं उत्तर दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, वेगळ्याच कारणासाठी केलेल्या एका प्रयोगातून मिळालं.

युद्धात उपाशी राहिलेल्या लोकांना पुन्हा कसं खाऊ घालावं हे समजून घ्यायला अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज या शरीरशास्त्रज्ञानं ३६ तरुण निवडले. सगळे धडधाकट, मनानं स्थिर, आणि शस्त्र हाती घ्यायला तत्त्व म्हणून नकार दिलेले. १९४४ च्या नोव्हेंबरात प्रयोग सुरू झाला. पुढच्या वर्षी सुमारे सहा महिने त्यांना अर्धपोटी ठेवण्यात आलं. त्यांचं वजन जवळजवळ चतुर्थांश उतरलं. पण खरा धक्का त्यांच्या वागण्याचा होता. हे तरुण पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, जमवू लागले. एकेक घास लांबवत ताटावर तासभर बसू लागले. हसणं-खेळणं थांबलं, मित्र नकोसे झाले, चिडचिड आणि उदासी वाढली, लक्ष लागेना. त्यांच्यापैकी कुणालाही बारीक व्हायचं नव्हतं, कुणाच्या बालपणात दडलेलं दुःख शोधावं लागत नव्हतं. पुन्हा पोटभर अन्न मिळू लागल्यावरही कित्येकांना महिनोन्‌महिने पोट भरल्याची जाणीव होत नव्हती. कीज आणि सहकाऱ्यांनी १९५० साली हे सगळं दोन खंडांत प्रसिद्ध केलं.

अॅनोरेक्झियाच्या रुग्णांना पाहणाऱ्या डॉक्टरांना या वर्णनात आपलेच रुग्ण दिसले. घरच्यांसाठी स्वयंपाक करणारी पण स्वतः न जेवणारी, रात्रभर मोबाइलवर रेसिपींचे व्हिडिओ पाहणारी, घासागणिक पाणी पिणारी मुलगी ‘नाटकं’ करत नसते. त्यातलं बरंचसं उपाशी मेंदूचं वागणं असतं. आणि उपाशी मेंदूला समुपदेशन पोहोचत नाही. म्हणून आजच्या उपचारात कारणं शोधण्याआधी खाणं येतं.

मात्र फार दिवस उपाशी राहिलेल्या माणसाला घाईनं भरपूर खाऊ घालणं धोक्याचं असतं. युद्ध संपल्यावर सुटका झालेल्या काही कैद्यांना पोटभर अन्न मिळालं आणि ते त्यानंतर दगावले. दीर्घ उपासमारीनंतर एकदम अन्न गेलं की रक्तातलं फॉस्फेट कोसळतं, हृदय आणि श्वास अडखळतात. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. वजन फार उतरलं असेल किंवा बरेच दिवस जवळजवळ काहीच खाल्लेलं नसेल, तर सुरुवातीचे दिवस रुग्णालयात, रोज रक्त तपासत काढावे लागतात. घरी बसवून तूपभात भरवायचा उत्साह समजण्यासारखा आहे, पण तपासणी त्याच्या आधी हवी.

घरच्यांची जागा नेमकी कुठे, यावर वैद्यकशास्त्राची मतं शंभर वर्षांत पार उलटली. लंडनच्या सर विल्यम गल यांनी १८७४ मध्ये छापलेल्या निबंधातून अॅनोरेक्झिया नर्व्होसा हे नाव रूढ झालं. पॅरिसच्या शार्ल लासेग यांनी त्याच सुमारास, १८७३ मध्ये, असेच रुग्ण वर्णिले होते. गल यांचं ठाम मत होतं, की अशा रुग्णाची शुश्रूषा करायला नातलगांइतकं अयोग्य कुणी नाही. पुढे विसाव्या शतकात बराच काळ आईवडिलांना, विशेषतः आईला, आजाराचं मूळ मानलं गेलं. मुलीला घरापासून तोडून रुग्णालयात ठेवायचं, तिथे वजन वाढवायचं, घरी पाठवायचं. आणि घरी गेल्यावर वजन पुन्हा उतरायचं.

लंडनच्याच मॉड्सली रुग्णालयात जेराल्ड रसेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळा मार्ग करून पाहिला. रसेल म्हणजे १९७९ मध्ये बुलिमियाचं पहिलं नेमकं वर्णन करणारे मानसोपचारतज्ज्ञ. रुग्णालयातून घरी सोडलेल्या ८० रुग्णांपैकी काहींना त्यांनी कुटुंबासह उपचार दिला, काहींना एकट्याला. १९८७ मध्ये निष्कर्ष आले. आजार एकोणीस वर्षांच्या आत सुरू झालेला आणि तीन वर्षांहून कमी जुना असेल, तर कुटुंबासह उपचार स्पष्टपणे सरस ठरला. पाच वर्षांनी पाहिलं तेव्हाही फरक टिकून होता. जेम्स लॉक आणि डॅनियल ले ग्रेंज यांनी या पद्धतीची पाठ्यपुस्तिका २००१ मध्ये काढली, आणि २०१० मध्ये शिकागो व स्टॅनफर्ड इथे १२१ किशोरवयीन रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. उपचार संपून वर्ष झाल्यावर कुटुंबासह उपचार घेतलेल्यांपैकी ४९ टक्के पूर्ण बरे होते, एकट्यानं उपचार घेतलेल्यांपैकी २३ टक्के.

ही पद्धत प्रत्यक्षात कशी चालते हे समजून घेण्यासारखं आहे, कारण मराठी घराला ती परकी नाही. आईवडिलांना पहिल्याच भेटीत सांगितलं जातं, की आजार तुमच्यामुळे झालेला नाही आणि तो मुलीचा हट्टही नाही. मुलगी वेगळी, आजार वेगळा. दुसऱ्या भेटीला घरानं डबा घेऊन यायचं असतं. थेरपिस्टसमोर सगळे एकत्र जेवतात, आणि मुलगी ताट बाजूला सारते तेव्हा आईबाबांनी काय बोलायचं, कसं बोलायचं, हे तिथल्या तिथे शिकवलं जातं. काही आठवडे काय खायचं, किती खायचं, कधी खायचं, हे सगळं आईवडील ठरवतात. अँटिबायोटिकचा डोस जसा चवीवर किंवा मूडवर अवलंबून नसतो, तसं जेवण. वाद घालायचा नाही, कॅलरींची चर्चा करायची नाही, ओरडायचं नाही, उठायचंही नाही. ‘मला कळतंय तुला भीती वाटतेय. मी इथेच बसले आहे. हा घास घे.’ एवढंच, पुन्हा पुन्हा. भावंडांना पहारेकरी करायचं नाही. जेवण झाल्यावर तिच्याबरोबर पत्ते खेळणं, सिनेमा लावणं हे त्यांचं काम. वजन सावरलं की खाण्याचा ताबा हळूहळू मुलीकडे परत जातो, आणि मग अभ्यास, मैत्री, वयात येणं यांची बोलणी सुरू होतात. साधारण सहा महिने ते वर्ष यात जातं.

हे कष्टाचं आहे. दोघं नोकरी करणारे असतील तर एकाला काही आठवडे रजा काढावी लागते, शाळेतल्या मधल्या सुट्टीत डबा संपवून घ्यायला कुणी शिक्षक लागतो. आजी, मावशी, काका घरात असतील तर हीच माणसं मोठा आधार ठरतात, पण आधी एकदा त्यांना नीट बसवून सांगावं लागतं. ‘बारीक झालीस, छान दिसतेस’ आणि ‘आता चेहरा भरलाय हं’, या दोन्ही वाक्यांनी आठवड्याची मेहनत पाण्यात जाऊ शकते. गणपतीला, लग्नाला चार माणसांत जायचं तर रूपाबद्दल कुणी बोलू नये, हे आधी फोन करून सांगितलेलं बरं. तसं सांगायला संकोच वाटतो, तरीही सांगावंच.

मोठ्या वयाच्या रुग्णांची वाट थोडी वेगळी आहे. ऑक्सफर्डमध्ये क्रिस्टोफर फेअरबर्न यांनी घडवलेली वर्तन-विचार उपचारपद्धती, जिला थेरपिस्ट सीबीटी-ई म्हणतात, ती बुलिमियात आणि बिंज इटिंगमध्ये सर्वांत जास्त तपासली गेलेली आहे. साधारण वीस आठवड्यांत वीस भेटी. वजन फार कमी असेल तर दुप्पट. इथेही सुरुवात ताटापासूनच होते: दिवसातून तीन जेवणं, मध्ये दोन-तीन वेळा थोडं खाणं, मध्ये चार तासांहून मोठी गॅप नाही, आणि जे खाल्लं ते तिथल्या तिथे लिहून ठेवणं. ताबा सुटून खाण्यामागे बहुतेकदा आधीचं उपाशी राहणं असतं, हे त्या वहीत रुग्णाला स्वतःलाच दिसायला लागतं. म्हणूनच बिंज इटिंगचा माणूस वजन कमी करायच्या क्लिनिकमध्ये गेला आणि कडक डाएट घेऊन आला, तर त्याचा त्रास वाढायची शक्यता असते. बुलिमियात फ्लुओक्सेटिन या औषधाचा उपयोग होतो. अॅनोरेक्झिया बरा करणारी गोळी अजून नाही, औषधं सोबतच्या नैराश्यासाठी किंवा चिंतेसाठी दिली जातात.

उपचार एका माणसाचं काम नाही. शरीरावर लक्ष ठेवणारा डॉक्टर, मानसोपचारतज्ज्ञ, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आणि आहारतज्ज्ञ, हे चौघं एकमेकांशी बोलणारे हवेत. केवळ खाण्याच्या आजारांवर काम करणारी केंद्रं भारतात मोजकीच आहेत आणि ती मोठ्या शहरांत. त्यामुळे सातारा-जळगावच्या घराला बहुतेकदा स्वतःच हा चमू जुळवावा लागतो. पहिल्या भेटीत मोकळेपणानं विचारावं: या आजाराचे रुग्ण तुम्ही पाहिलेत का, वजन आणि रक्त कोण तपासणार, आम्हाला घरचे म्हणून कधी बोलावणार? क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाकडे नोंदणी आहे का, हेही विचारता येतं. कुणी घरच्यांना बाहेर बसवून महिनोन्‌महिने फक्त बालपणाबद्दल बोलत राहिला आणि वजनाकडे कुणीच पाहत नसेल, तर दुसरं मत घ्यावं.

खासगी उपचार महाग असतात, हे खरं आहे. मुंबईतलं केईएम, नायर, सायन, पुण्यातलं ससून अशा सरकारी आणि पालिका रुग्णालयांत मानसोपचार विभागाची ओपीडी चालते, जिल्हा रुग्णालयांतही मानसिक आरोग्याची सेवा मिळते. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारनं सुरू केलेल्या टेली-मानस या सेवेचा नंबर १४४१६. फोन मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ प्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्याच धर्तीवर संरक्षण देणं बंधनकारक आहे. बहुतेक पॉलिसींत ते दाखल झाल्यावरच लागू होतं, म्हणून कागद आधी वाचून घ्यावेत.

शरमेपायी लोक किती काळ गप्प बसतात, याची एक झलक इंग्लंडमध्ये दिसली होती. राजकन्या डायनाच्या बुलिमियाबद्दल १९९२ मध्ये पुस्तकातून बाहेर आलं, १९९५ मध्ये तिनं बीबीसीच्या मुलाखतीत स्वतः सांगितलं. त्या वर्षांत ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांकडे बुलिमियाच्या नोंदी वाढत गेल्या, १९९६ च्या सुमारास शिखराला पोहोचल्या आणि पुढे उतरल्या. नव्या रुग्णांची लाट आली असं मानण्यापेक्षा, आधीपासून सोसत असलेल्या बायकांना सांगायला शब्द आणि धीर मिळाला, असं मानणं अधिक पटतं. आपल्याकडे रिचा चढ्ढा या अभिनेत्रीनं आपल्या बुलिमियाबद्दल व्यासपीठावरून उघडपणे सांगितलं आहे. अशी आणखी माणसं बोलायला हवीत, आणि ती फक्त सिनेमातली नकोत.

बरं व्हायला वेळ लागतो, हे आधीच माहीत असलेलं चांगलं. बॉस्टनमधल्या संशोधकांनी अॅनोरेक्झिया आणि बुलिमियाच्या स्त्रियांचा बावीस वर्षांहून अधिक काळ पाठपुरावा करून २०१७ मध्ये निष्कर्ष मांडले. नऊ वर्षांनी पाहिलं तेव्हा अॅनोरेक्झियातून बऱ्या झालेल्या जेमतेम ३१ टक्के होत्या. बावीस वर्षांनी हाच आकडा जवळजवळ ६३ टक्क्यांवर गेला. बुलिमियाच्या ६८ टक्के स्त्रिया बऱ्या झाल्या होत्या, त्यांतल्या बहुतेक पहिल्या दशकातच. म्हणजे दहा वर्षं आजारी असलेली, दोन-तीनदा उपचार अर्धवट सोडलेली बाईसुद्धा पुढच्या दहा वर्षांत बरी होऊ शकते, आणि अशा अनेकजणी झाल्या आहेत. जुनी फाइल कपाटातून काढून तीच घेऊन पुन्हा ओपीडीत जाता येतं. नव्या डॉक्टरला सगळ्यात आधी सांगायचं ते हे, की मागच्या वेळी कुठे आणि कशामुळे थांबलं.